आधी मोरी दाखवा

भिंतीला भेग पडली म्हणून माणूस बोलवावा आणि त्याने भिंतीकडे ढुंकूनही न बघता म्हणावं, "आधी मोरी दाखवा." आईने घाईघाईने भिजवलेल्या कपड्यांची बादली कोपऱ्यात सरकवली. मी मनात म्हटलं, झालं, बाबांनी कुठला तरी नमुना धरून आणलाय.

चाचा मोरीत उकिडवे बसले. तांब्याभर पाणी ओतलं आणि ते जाळीतून खाली जाईपर्यंत बघत राहिले. मग आणखी एक तांब्या. मग मान वर करून विचारलं, "हे पानी जातं कुटं?"

"जातं की मागं," आई म्हणाली.

"मागं म्हंजे कुटं?"

आईने बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे. काळेवाडीतल्या त्या घरात आम्ही पंचवीस वर्षं अंघोळी केल्या, धुणी धुतली, भांडी घासली, आणि ते सगळं पाणी पुढे कुठे जातं हे तिघांपैकी एकालाही सांगता येईना. चाचा मागच्या बोळात गेले. आमचा राग वगैरे आला नव्हता त्यांना, उलट स्वारी खूश दिसली. समोरच्याला काही माहीत नाही असं कळलं की त्यांचा चेहरा खुलायचा, हे मला पुढे समजलं.

सगळे त्यांना चाचाच म्हणायचे, बाबासुद्धा. सत्तरी ओलांडलेला, वाळका, ताठ माणूस. खिशात ओळंबा आणि गळ्यात लांबलचक पारदर्शक नळी गुंडाळलेली. ती पाण्याने भरून दोन टोकं दोन भिंतींना धरली की घर कुठल्या बाजूला किती उतरलंय ते कळतं. गवंडी लोक वापरतात तीच नळी; पण गवंडी काम झालं की ती पिशवीत ठेवतात, चाचा ती गळ्यात घालून भाजी आणायलाही जायचे. मावळातल्या एका गावचं मुसलमान घर त्यांचं, कैक पिढ्या तिथलंच. लोक मात्र हटकून हिंदीत सुरू करायचे, "चाचा, कैसे हो?" चाचा शांतपणे म्हणायचे, "बरं हाय. तुमचं?"

उमेदीची वर्षं सगळी कंपन्यांमध्ये मशीन बसवण्यात गेलेली. ग्राइंडिंगचं मशीन बसवून झालं की चालू मशीनवर ते एक रुपयाचं जुनं नाणं कडेवर उभं करायचे. नाणं पडलं तर पाया पुन्हा. साहेब घड्याळ दाखवायचे, चाचा नाणं दाखवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी जुन्या घरांचे पाये बघायला घेतले. मी विचारलं, मशीन सोडून घरं कशी काय? तर म्हणाले, "मशीनचं कसं, पाया धरला की झालं. घराला खाली माती आन्‌ वर माणसं. माणसं रोज काय काय करत्यात. लई बगण्यासारखं हाय."

आता माझंही सांगते. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा मला पगार मिळतो, आणि कंपनीची बस मला घराजवळ उतरवून गेली तरी ती सवय काही उतरत नाही. त्यामुळे या माणसाची मी कसून चौकशी केली. जे कळलं ते ऐकून आणखीच चक्रावले.

संत तुकाराम नगरातल्या एका बाईंकडे ते दोन दिवस गेले होते. बाईंच्या सोफ्यामागे गाल फरशीला टेकवून, एक डोळा मिटून पडून राहिले. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. उठून काय सांगावं? "काय करू नका. भिंतीलगतच्या झाडांना पाईप लावून पानी सोडता, ते बंद करा." बाई म्हणाल्या, अहो, पण भेग? "ती बगत ऱ्हावा." बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात दुसरा माणूस बोलावून सगळ्या भिंतीला गिलावा करून घेतला. चाचांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की गिलाव्याएवढा खोटारडा कुणी न्हाई.

आणि एक खोड होती, ती आईच्या फार मनाला लागली. चाचा चहा कितीही वेळा प्यायचे, पण ज्या घराचं काम हातात आहे तिथे जेवायचे नाहीत. "घरानं एक पावसाळा आन्‌ एक उन्हाळा काडू द्या वैनी, मग जेवतो." आई हो म्हणाली, पण स्वयंपाकघरात येऊन तिने वाढलेलं ताट झाकून ठेवलं. आमच्या घरचं यांना चालत नाही की काय, असं तिला वाटलं, आणि तसं वाटायला तिच्याकडे जन्मभराची कारणं होती. मी तळवड्याच्या एका बंगलेवाल्याला गाठून विचारलं, तेव्हा कळलं की त्याच्याकडचंही ताट चाचांनी असंच परतवलं होतं. आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण पूर्ण पटलं नसावं.

आमच्या घराची गोष्ट अशी. बाबा एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये होते. शिफ्ट सुटली की सायकलवरून इथे यायचे आणि स्वतः विटा वाहायचे. असं करत करत उभं केलेलं घर. खाली सगळी काळी माती, पूर्वी इथे ऊस होता म्हणतात. पुढच्या खोलीच्या दर्शनी भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून स्लॅबपर्यंत आरपार तिरकी भेग गेली होती, आणि वर्षागणिक तिला फांद्या फुटत होत्या. माझा मोठा भाऊ मोशीला फ्लॅटमध्ये राहतो. दादा तसा वाईट नाही, पण त्याला काळजी वाटली की ती रागासारखी बाहेर येते. तो म्हणाला, "एखाद्या पावसाळ्यात भिंत अंगावर आली तर मी काय करू? घर बंद करा, माझ्याकडे चला, पुढचं पुढे बघू." पुढचं म्हणजे घर विकायचं, हे न सांगता सगळ्यांना कळलं. बाबा त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले. हात धुताना मला म्हणाले, "फ्लॅटात मी रंगवू काय?"

म्हणून चाचा. मोरी, बोळ, गच्ची, शेजारचा हौद, सगळं बघून झाल्यावर तिसऱ्या दिवशी ते एकदाचे भेगेसमोर उभे राहिले. खिशातलं नाणं काढून तिच्या फांदीत सरकवलं, ते आत गेलं.

"ही बुजवतं कोन?"

"मीच की," बाबा म्हणाले. छाती जरा पुढे आली. "दरसाली. जयंतीच्या आधी घर रंगवतो ना, तवाच. पुट्टी भरायची, घासायची, प्रायमर, परत पुट्टी. पाहुण्याला म्हणावं, दाखव कुठंय भेग."

हे खरं होतं. चौदा एप्रिलला आमच्या गल्लीत बिनरंगाचं घर दिसणार नाही, आणि त्यात बाबांचा हात म्हणजे कंपनीत शिकलेला. पटाशीने हळूहळू कोरून चाचांनी भेगेतला बोटभर जाडीचा तुकडा सबंध बाहेर काढला. त्याच्या कडेला रंगांचे थर दिसत होते. क्रीम, पिस्ता, निळा, दादाच्या लग्नाच्या वर्षीचा तो भयानक गुलाबी. मला त्यात माझी दहावीसुद्धा सापडली. त्यांनी तुकडा रुमालात बांधला आणि आईकडे एक जुनं, उंच काठाचं स्टीलचं ताट मागितलं.

पुढच्या कोपऱ्यातली माती त्यांनी खणून काढली, भिजवली, आधी तळहातावर वळून तिची बांगडी केली. बांगडी मोडली नाही. "चिवट हाय," म्हणाले, कौतुकाने. मग तीच माती ताटात काठोकाठ थापून गच्चीवर उन्हात ठेवली. मार्चचं ऊन. आठ दिवसांत माती आटली, काठापासून सुटली आणि मधोमध उभी फाटली. चाचा बाबांना म्हणाले, "पेंटरसाहेब, बुजवा की ही."

बाबांना वाटलं, परीक्षा आहे. त्यांनी काठाची फट भरली, मधली भेग भरली, पॉलिश पेपर मारला. इतकं सुरेख काम की ताट भिंतीवर लावावं. चाचांनी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, वर ओलं फडकं टाकलं आणि घरी गेले.

सकाळी आम्ही फडकं काढलं. माती मधोमध भाकरीसारखी फुगून वर आली होती. बाबांची पुट्टी जशीच्या तशी, आणि तिच्या शेजारी माती नव्या ठिकाणी फाटलेली.

बाबांनी फुगलेल्या मातीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे मीच."

चाचा खाली बसले. "एप्रिलात माती आटलेली असती. कोपरा खाली बसतो, भेग उघडती. तवा तुमी पाचर मारली. पावसाळ्यात माती फुगली, कोपरा वर आला, भिंत जागेवर यायला निगाली, तर मधी पाचर. मग ती दुसरीकडं फाटली. दर साली एक पाचर."

"मी तर जीव लावून करत होतो."

"व्हय. माया लावली. महिना चुकला."

बाबा जिन्याच्या पायरीवर बसले. रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात मी आजवर कितीदा 'ऑपरेटरची चूक' असं लिहिलं असेल. ऑपरेटरचं तोंड इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

चाचांचा उपाय ऐकून दादाने कपाळाला हात लावला. सगळी जुनी पुट्टी काढायची आणि पावसाळाभर भेग उघडी ठेवायची. बुजवायची नाही, झाकायची नाही. माती फुगून कोपरा आपणहून वर आला की दिवाळीनंतर पाया खालून धरायचा. "घराला आपल्या पायानं उटू द्या, मग आधार देऊ," चाचा म्हणाले. शेवटी दादा एका अटीवर तयार झाला. पुढच्या खोलीत पावसाळाभर कुणी झोपणार नाही, आणि दुरुस्तीनंतर पुढच्या जयंतीपर्यंत भेग हलली नाही तर तो पुन्हा विषय काढणार नाही. हलली, तर बॅगा भरायच्या. बाबांनी मान डोलावली.

त्या वर्षीच्या जयंतीला गल्लीतली सगळी घरं चकचकीत, आणि आमच्या दर्शनी भिंतीला वीतभर रुंदीचा कोरलेला पट्टा. आई म्हणाली, त्यावर झेंडा लावू, कुणाला दिसायचं नाही. बाबा म्हणाले, "झेंडा झाकायला नसतो." आणि खुर्ची घेऊन भेगेशेजारी बसले, दिवसभर, नवा शर्ट घालून. पाहुण्यांनी विचारलं की सांगायचे, दुरुस्ती चालू आहे. दादाचे सासरे हसले, तरी बाबा उठले नाहीत.

भेगेच्या दोन्ही बाजूंना चाचांनी एकेक खिळा ठोकला होता. मी माझा वर्नियर आणला, म्हणजे मापायची पट्टी, केसाएवढा फरकही दाखवणारी. दर रविवारी बाबा खिळ्यांमधलं अंतर मोजायचे आणि भिंतीवरच पेन्सिलीने लिहायचे. पाऊस लागला आणि आकडा उतरू लागला. मला कामावर असताना रविवारची ओढ लागायची. एक अख्खी भिंत हळूहळू आपल्या जागेवर परत येतेय, आणि आपण फक्त आडवं यायचं थांबवलंय! ऑगस्ट संपता संपता नाणं जायचं तिथे कागद जाईना.

दिवाळीनंतर खड्डे घेतले. कोपऱ्याखाली सलग खणायचं नाही, एक टप्पा सोडून एक. "दोन्ही पाय एकदम उचलून उबं ऱ्हाता का तुमी?" प्रत्येक खड्डा काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली नेला, काँक्रीटने भरला, ते घट्ट झाल्यावरच शेजारचा उघडला. मोरीचं पाणी इतकी वर्षं मागच्या पायातच मुरत होतं. मागची माती कायम ओली, पुढची दर उन्हाळ्यात कोरडी, म्हणून घर दोन्हीकडून ओढलं जायचं. तिथून पाईप टाकून ते गटाराला नेलं. सगळं झाल्यावर चाचांनी दोन बोटं रुंदीची काचेची पट्टी भेगेवर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकं प्लॅस्टरने चिकटवली. भिंत हलली तर काच तडकणार. बाबांनी मार्करने काचेवर तारीख घातली. "काच बोलली तर सांगा," चाचा म्हणाले, "तिचं तोंड दाबू नका."

मार्चच्या एका रविवारी मी काचेसमोर उभी होते आणि मला काहीतरी खटकलं. काचेच्या खालच्या कोपऱ्याचा एक टवका उडालेला होता, लावली तेव्हाच बघितला होता मी. आता कोपरा सरळ होता. प्लॅस्टर जास्त पांढरं होतं. तारीख जुनीच, बाबांच्याच अक्षरात, पण शाई ताजी. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "छान आहे की." ते आत गेले.

एका ओरखड्यासाठी मी अख्खा लॉट थांबवते. ती काच मी पास केली. बाबा अलीकडे पुन्हा पोटभर जेवायला लागले होते, गच्चीवर रंगाचे डबे उघडून नमुने बघत होते. मला लाज वाटत होती आणि सांगायची हिंमत होत नव्हती.

जयंतीला दादा-वहिनी आले, आणि जेवायला चाचा. पावसाळा झाला होता, उन्हाळा अर्ध्यावर होता, पण आईने मागेच लागून बोलावलं होतं. सकाळपासून पुरण घाटत होती ती. चाचा आधी मोरीत जाऊन आले. मग चष्मा लावून काच बघितली, अंगठ्याने तिची कड चाचपली.

"शाबूत हाय," ते म्हणाले.

दादाने पाट पुढे सरकवला. "चला, मग बसा चाचा, ताटं वाढलीत."

"आज नगं. पुढल्या साली बगू." चाचा दाराकडे वळले आणि बूट घालायला लागले.

आई हातात वाटी धरून उभी होती. तिचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. "का हो भाऊ? काच तर चांगली आहे ना?" तिने विचारलं. चाचा नाड्या बांधत राहिले.

बाबा उठले. आतल्या खोलीत गेले आणि कंपनीचा जुना टिफिन घेऊन आले. त्यात फडक्यात गुंडाळलेले काचेचे दोन तुकडे होते. एकाचा कोपरा उडालेला.

"चाचा, ही खरी," ते म्हणाले. "मार्चात तडकली. मी बदलली." मग दादाकडे वळले. "तू म्हणला होतास, हलली तर बॅगा. हलली."

दादा माझ्याकडे बघत होता, मी फरशीकडे. चाचांनी बूट काढले, तुकडे घेतले, खिडकीत जाऊन एकमेकांना जुळवून बघितले. मग बाबांनी लावलेली काच पटाशीने अलगद सोडवली. नाणं लावलं, ते आत शिरलंच नाही. कागद लावला, त्याची कड जेमतेम अडकली. मला म्हणाले, "मोज." दुरुस्तीच्या दिवशीचा आकडा भिंतीवर होता, त्यात आणि आजच्यात केसाएवढा फरक.

"नव्या पायावर भार बसताना एवढं व्हतंच," चाचा दादाला म्हणाले. "काळ्या मातीवर पयल्या साली शाबूत ऱ्हायलेली काच मी अजून बगितली न्हाई."

दादाला कळायला क्षणभर लागला. "म्हणजे तुम्हाला बघताक्षणी समजलं होतं? मग बोलला का नाही?"

"मी कशाला बोलू? घर माजं हाय का?" चाचा पाटावर जाऊन बसले. "वाडा वैनी."

आईने वाढलं. दुसरी पोळी झाली, तिसरी झाली. चौथीला त्यांनी नको म्हटलं, तरी आईने ती वाढलीच, आणि त्यांनी ती खाल्ली. जेवता जेवता दादाने मला विचारलं, तो वर्नियर वाचतात कसा. पुढच्या उन्हाळ्यात मी येऊन मोजणार, म्हणाला. बॅगांचा विषय तिथे संपला. बाबांनी घास घेतला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

मी चाचांना मागच्या बोळात गाठून सांगितलं की मला काच बदललेली माहीत होती. "तुला न्हाई तर कुनाला म्हाईत असनार?" ते म्हणाले आणि हात धुवायला मोरीत शिरले. तांब्याभर पाणी ओतलं आणि बघत राहिले. मग आईला विचारलं, "जातं कुटं?"

"बोळातून पाईपनं चेंबरला, तिथून वळून रस्त्याच्या गटाराला," आई दारातून म्हणाली, एका दमात.

चाचा आता गावी असतात, गुडघे गेलेत त्यांचे. दादा दर एप्रिलला येऊन मोजून जातो, आकडा आता हलत नाही. बाबांनी ते दोन तुकडे पुन्हा भेगेवर लावले, मधे केसभर जागा सोडून, आणि जयंतीला घर रंगवतात तेव्हा तेवढा चौकोन तसाच ठेवतात. घरी कुणी नवं माणूस आलं की ते त्याला आधी मोरी दाखवतात, मग फुटकी काच. चहा त्यानंतर.